पंचांग, पाककृती आणि दुष्काळ: घरातल्या पुस्तकांमधले आडवे धागे कसे शोधायचे

सोलापुरातल्या एखाद्या घरातलं पुस्तकांचं कपाट उघडलं तर काय निघतं? दाते पंचांगाची सात-आठ वर्षांची चळत, एखादी पोथी, पाककृतींचं तेलकट पुस्तक, डॉ. कोटणीसांचं चरित्र, कुठल्याशा बँकेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, मुलांचं संगणकाचं पाठ्यपुस्तक, शेतीच्या पातळ पुस्तिका आणि आता फक्त आजीच वाचू शकते अशी दोन-चार कानडी किंवा तेलुगू पुस्तकं. यांचा एकमेकांशी काही संबंध नाही असं वरवर वाटतं. संबंध असतो, पण पुस्तकाचा विषय बघून तो सापडत नाही. तो आत आलेल्या नामांवरून सापडतो.

हा सगळा खटाटोप एकाच नियमावर उभा आहे. दोन पुस्तकं जोडायला एक तिसरी गोष्ट लागते: धान्य, गाव, रोग, यंत्र, माणूस, शब्द, असं काहीही, पण बोट ठेवून दाखवता येईल असं. ‘संघर्ष’, ‘माणुसकी’, ‘निसर्ग’ हे शब्द कुठल्याही दोन पुस्तकांना लागू पडतात, म्हणूनच ते काही सांगत नाहीत. ‘शाळू’, म्हणजे रब्बी ज्वारी, हा शब्द मोजक्याच पुस्तकांत येतो. आला की कान टवकारावेत.

साहित्य

फार काही लागत नाही. शंभर-सव्वाशे कार्डं, साधारण तीन इंच बाय पाच इंच. नव्या पेठेत तयार मिळतात, पण जुन्या लग्नपत्रिका कापल्या तरी चालतं. पत्रिकेचा कागद जाड असतो आणि मागची बाजू बहुतेक कोरी असते. फक्त गुळगुळीत, चकचकीत पत्रिका घेऊ नका, त्यावर पेन्सिल उठत नाही. दोन मऊ पेन्सिली, एक खोडरबर, बुटांचा रिकामा खोका, आणि पानांत घालायला साध्या वहीच्या कागदाच्या पट्ट्या.

चिकटणाऱ्या रंगीत चिठ्ठ्या आणि रबरबँड मात्र दूर ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रबर आधी चिकट होतं, मग कडक होऊन तुटतं, आणि जाताना मुखपृष्ठावर तपकिरी रेघ सोडून जातं. चिठ्ठ्यांचा डिंक पानावर राहतो आणि त्यावर धूळ बसते. कार्डांच्या गठ्ठ्याला सुती नाडा बांधावा.

कुठली पुस्तकं काढायची

पहिल्या फेरीला बारा. सगळं कपाट जमिनीवर ओतण्याचा उत्साह येतो, तो आवरा. चाळीस पुस्तकं काढली की दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात जायला वाट उरत नाही, आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी ती होती तशी परत कोंबून ठेवतं.

या बारांपैकी निदान चार अशी हवीत ज्यांना आपण ‘पुस्तक’ म्हणत नाही: पंचांग, रेल्वेचं जुनं वेळापत्रक, स्मरणिका, शाळेचा नकाशासंग्रह, शब्दकोश. कादंबरीला कादंबरी जोडली तर हाती बहुधा ‘दोन्हींत विधवा नायिका आहे’ एवढंच लागतं. कादंबरीला वेळापत्रक जोडलं तर नायिका कुठल्या स्टेशनावर उतरली आणि तिथे तेव्हा गाडी थांबत होती का, इथवर जाता येतं.

पुस्तकं गॅलरीत नेऊन झटका, कसर आणि वाळवी बघून घ्या. डिंकाने चिकटवलेली जुनी कागदी बांधणी पूर्ण उताणी उघडू नका. उन्हाने डिंक ठिसूळ झालेला असतो, ‘कट्’ असा आवाज आला की पानं सुटलीच. अर्ध्या कोनात उघडून, दुसरी बाजू उशीवर टेकवून वाचा.

आता नामं वेचायची

पुस्तक पूर्ण वाचायचं नाही. एका पुस्तकाला वीस मिनिटं. अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, छायाचित्रांखालच्या ओळी, शेवटचं प्रकरण, आणि मधली कुठलीही तीन पानं. इंग्रजी पुस्तकाच्या शेवटी सूची असली तर काम निम्मं होतं. मराठी प्रकाशकांनी सूचीचं एवढं वावडं का धरलं आहे हे कोडंच आहे. चारशे पानांचं चरित्र, आणि माणूस कुठल्या पानावर येतो हे शोधायला पुन्हा चारशे पानं. त्यामुळे ती सूची आपल्यालाच करावी लागते, आणि या कार्डांचा खरा उपयोग तोच.

प्रत्येक पुस्तकातून दहा नामं काढा. गावाचं नाव, वस्तू, झाड किंवा धान्य, रोग, माणूस, भाव किंवा किंमत, वर्ष. भाववाचक नाम एकही नको. मुखपृष्ठामागच्या पानावरचा मुद्रकाचा पत्ता चुकवू नका. अभंगांचं पुस्तक आणि सहकारी संस्थेची स्मरणिका एकाच गल्लीतल्या छापखान्यातून निघालेली आढळली, तर ते एक धड नातं आहे.

कार्ड असं लिहा. वर डावीकडे नाम, मोठ्या अक्षरात. वर उजवीकडे पुस्तकाची एक-दोन अक्षरी खूण आणि पृष्ठक्रमांक. मध्ये एकच वाक्य, आपल्या शब्दांत. खाली वर्ष: पुस्तकात असेल तसं, आणि शेजारी इसवी सनात बदलून. समजा शेतीची पुस्तिका आहे, तर:

शाळू — शे, पृ. १४
पेरणी उत्तरा-हस्ताच्या पावसावर. पुढे जमिनीतल्या ओलीवर पीक निघतं.
वर्ष: —

पृष्ठक्रमांक नसलेलं कार्ड फाडून टाका. दोन महिन्यांनी ते वाचताना ‘हे आपण वाचलं की कोणी सांगितलं’ असा प्रश्न पडतो आणि उत्तर मिळत नाही. मोबाइलवर पानाचा फोटो काढून ठेवणं म्हणजे कार्ड नव्हे. फोटो अडीच हजार फोटोंच्या खाली जातो, आणि मुख्य म्हणजे दोन फोटो टेबलावर शेजारी ठेवता येत नाहीत.

नावं आणि सनावळी एका मापात आणणं

सर्वांत कंटाळवाणं काम हेच, आणि बहुतेकांचा शोध इथेच फसतो. एकच गोष्ट पाच नावांनी पाच कार्डांवर बसलेली असते आणि ती एकमेकांना ओळखत नाहीत. ज्वारी, जोंधळा, शाळू, उर्दू पुस्तकात जवार, कानडीत जोळ, तेलुगूत जोन्न. सोलापूरचं इंग्रज अमदानीतलं रूप शोलापूर, आणि ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या (सिद्धेश्वरांच्या) संदर्भात येणारं सोन्नलगी. अशा वेळी एक नाव मुख्य ठरवा आणि बाकीच्या प्रत्येक नावाचं एकेक वेगळं कार्ड करून त्यावर फक्त ‘पाहा: ज्वारी’ एवढंच लिहा. शाळू हा ज्वारीचा रब्बी प्रकार आहे, तेवढा भेद मात्र पुसू नका; पुढे त्याचीच गरज पडणार आहे.

कानडी-तेलुगू पुस्तकं वाचता येत नाहीत म्हणून बाजूला ठेवू नका. आजीला किंवा शेजारच्या काकूंना अनुक्रमणिका मोठ्याने वाचायला सांगा आणि ऐकू आलेली नामं देवनागरीत उतरवा. निम्मी कार्डं मराठीच्याच ओळखीची निघतील.

सनांचं गणित असं. शके असेल तर ७८ मिळवा. पण घटना जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंतच्या काळातली असेल तर ७९. ज्ञानेश्वरीचं शके १२१२ म्हणजे १२९०. विक्रम संवत असेल तर ५७ किंवा ५६ वजा, महिन्याप्रमाणे. धाराशिवकडच्या, म्हणजे निजामाच्या मुलखातल्या जुन्या कागदांत फसली, म्हणजे महसुली, सन दिसतो. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, आणि फसली वर्ष दोन इसवी वर्षांत पसरलेलं असतं. मण, शेर, पायली ही मापं मात्र बदलू नका, जशीच्या तशी लिहा. मण सगळीकडे सारखा नव्हता. किलोत बदलायला गेलात की चूक अधिकृत होऊन बसते.

जोड्या लावणं

कार्डं अकारविल्हे लावा. एकाच नामाची दोन वेगळ्या पुस्तकांतली कार्डं शेजारी आली तर ती पहिली गाठ. अशा गाठी थोड्याच निघतात आणि त्या सहसा अपेक्षितच असतात.

खरी मजा पुढे आहे. कार्डं पत्त्यांसारखी पिसा आणि दोन-दोन काढून समोर ठेवा. एकाच पुस्तकाची आली तर एक परत टाका. मग जोडीला प्रश्न विचारायचे: ही गोष्ट कुठून आली? कोणी वाहून आणली? कशापासून बनते? ती नसेल तर काय अडतं? प्रत्येक जोडीला तीन मिनिटं. तिसरी गोष्ट सुचली नाही तर जोडी मोडा आणि पुढे चला. बहुतेक जोड्या मोडतातच. एका संध्याकाळी एक-दोन टिकल्या तरी बैठक चांगली झाली असं समजा. दहा टिकल्या असतील तर तुम्ही स्वतःला फार सवलत देत आहात.

एक साखळी जवळून बघू. समोर दोन कार्डं आली: पंचांगातलं ‘हस्त नक्षत्र’ आणि जिल्ह्याच्या इतिहासातलं ‘१८७६चा दुष्काळ’.

पंचांग सांगतं, सूर्य साधारण २७ सप्टेंबरला हस्त नक्षत्रात जातो. सोबत त्या पावसाचं वाहनही दिलेलं असतं, हत्ती, बेडूक, म्हैस वगैरे. वाहनाकडे सध्या बघू नका, तारीख घ्या. इतिहास सांगतो, १८७६ साली दख्खनमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस जवळजवळ पडलाच नाही. दोन्हीकडे काळ तोच. पण ‘काळ एकच’ ही तिसरी गोष्ट नव्हे. मग विचारायचं, या काळात पाऊस नसेल तर काय अडतं? इथे शेतीच्या पुस्तिकेचं शाळूचं कार्ड उठून उभं राहतं. सोलापूरकडे रब्बी ज्वारी सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या दरम्यान पेरतात, आणि नंतर ती काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर वाढते. सोलापुरात सर्वांत जास्त पाऊस सहसा सप्टेंबरातच पडतो. तो गेला की पेरणीच जाते. म्हणजे आपल्याकडचा दुष्काळ जूनच्या पावसावर तेवढा ठरत नाही जेवढा गणपती-नवरात्राच्या पावसावर ठरतो. हे वाक्य तिन्हींपैकी एकाही पुस्तकात असं सरळ लिहिलेलं नसतं; तीन कार्डं शेजारी ठेवल्यावरच ते वाचता येतं.

साखळी इथे थांबवायची गरज नाही. पाककृतीच्या पुस्तकात हुरडा आहे, म्हणजे शाळूचं कोवळं कणीस, भाजून. तो येतो डिसेंबर-जानेवारीत; पंचांगात त्याच सुमाराला मकरसंक्रांत, आणि संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, नंदीध्वजांची अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा. हस्तात पडलेलं पाणी संक्रांतीला खायला मिळतं, असं या चार कार्डांचं म्हणणं. शेतीच्या पुस्तिकेत ‘मालदांडी’, म्हणजे एम ३५-१ हा ज्वारीचा वाण असेल, तर तो मोहोळच्या केंद्रावर निवडलेला आहे. म्हणजे नकाशासंग्रहातलं एक गावही साखळीत आलं. आणि संतचरित्रातले मंगळवेढ्याचे दामाजीपंत, ज्यांनी दुष्काळात बादशाही कोठारं लोकांसाठी उघडली? तिसरी गोष्ट धान्यच, पण इथे हात जरा आखडा. कथेत वर्ष नसतं, आणि ती १८७६च्या कित्येक शतकं आधीची. दामाजीपंतांचं कार्ड ‘धान्यसाठा’ या नामाखाली लावा, ‘१८७६’खाली नव्हे.

धान्यसाठा म्हटल्यावर शब्दकोश उघडा. जमिनीत खणलेल्या धान्याच्या खड्ड्याला पेव म्हणतात. वर्तमानपत्रं उठसूट ‘अमक्याचं पेव फुटलं’ म्हणतात, ते हेच पेव. दिवाळी अंकातला राजकीय लेख आणि शेतीची पुस्तिका एका शब्दाने जोडली गेली. शब्दाच्या जोड्या स्वस्त वाटतात, पण मराठीपुरत्या त्या फार दमदार असतात, कारण आपले निम्मे वाक्प्रचार शेतातून, गोठ्यातून आणि मागावरून आलेले आहेत.

दुसरी साखळी थोडक्यात, कारण तिच्यात एक खड्डा आहे. चादरीच्या उद्योगावरची स्मरणिका आणि मुलाचं संगणकाचं पाठ्यपुस्तक. सोलापुरी चादरीवरची नक्षी जकार्ड मागावर उठते, आणि कुठला उभा धागा उचलायचा हे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेने ठरतं. जकार्डचं हे यंत्र १८०४चं, फ्रान्समधलं. इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी तीच भोकांच्या कार्डांची युक्ती घेतली, आणि एडा लव्हलेसने १८४३ साली दोन्ही यंत्रांची तुलना लिहून ठेवली आहे. इथवर जोड पक्की. आता पाठ्यपुस्तकात पुढे कार्डं मोजणारं यंत्र बनवणाऱ्या हॉलरिथचं नाव आणि १८९०च्या अमेरिकी जनगणनेतली भोकांची कार्डं येतात, आणि हात आपोआप ‘जकार्डवरून सुचलं’ असं लिहायला जातो. थांबा. हॉलरिथने स्वतः सांगितलेली आठवण रेल्वेच्या तिकीट तपासनिसाची आहे. तो प्रवाशाचं वर्णन तिकिटावर भोकं पाडून नोंदवत असे. म्हणजे हॉलरिथचं कार्ड आधी रेल्वे वेळापत्रकाच्या शेजारी जातं, मागाच्या शेजारी नंतर. सोयीची साखळी आणि खरी साखळी यांत एवढाच फरक असतो, एका कार्डाचा.

जोड खरी की भास

प्रत्येक टिकलेल्या जोडीला तीन कसोट्या लावा.

पहिली: दोन्ही पुस्तकं स्वतंत्रपणे बोलत आहेत का? सोलापूरवरची बरीचशी स्थानिक पुस्तकं १८८४च्या जिल्हा गॅझेटिअरवर, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथावर, उभी आहेत. दोन पुस्तकांत तीच माहिती त्याच क्रमाने, त्याच आकड्यांसह आली, तर ते दोन साक्षीदार नव्हेत. एकाच साक्षीदाराच्या दोन नकला आहेत. शुद्धलेखनाची चूकसुद्धा सारखी असेल तर प्रश्नच मिटला.

दुसरी: तारखा. नुसती तारीख जुळणं हा सर्वांत मोहक आणि सर्वांत पोकळ पुरावा. १२ जानेवारी १९३१ रोजी सोलापूरच्या चार हुतात्म्यांना, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना, येरवड्यात फाशी झाली. १२ जानेवारी ही विवेकानंदांची जन्मतारीख आणि जिजाऊंचीही. तीन चरित्रं शेजारी आल्यावर अंगावर काटा येतो, पण त्यातून काही निघत नाही. तसंच १८७७चं. त्या साली दुष्काळ चालू होता आणि त्याच साली सोलापुरात ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी सुरू झाली. ‘दुष्काळामुळे गिरणी’ असं कार्ड लिहू नका. भांडवल जमवणं, यंत्रं विलायतेहून आणणं, इमारत बांधणं हे सगळं आधीच सुरू झालेलं असणार. ‘दुष्काळात गावाकडून आलेली माणसं गिरणीत लागली का?’ असा प्रश्न मात्र कार्डावर लिहून ठेवण्यासारखा आहे. प्रश्नचिन्ह ठळक काढा.

तारखा उलटही वापरता येतात. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं चरित्र आणि स्पेनच्या यादवी युद्धावरचं एखादं पुस्तक यांना जोडणारा माणूस सापडतो: कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून. स्पेनच्या आघाडीवर त्यांनी फिरतं रक्तपुरवठा पथक चालवलं, मग ते चीनला गेले. सोलापूरचे कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि पुढे बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. म्हणजे दोघांनी खांद्याला खांदा लावून काम केलं? नाही. बेथ्यून नोव्हेंबर १९३९मध्ये वारले. कोटणीसांकडे ते रुग्णालय आलं त्यानंतर. जोड माणसातून नव्हे, रुग्णालयातून जाते. कार्डाचं नाम बदला.

तिसरी कसोटी सोपी: मधली गोष्ट झाकून जोड पुन्हा सांगून बघा. तरी सांगता आली, तर ती मधली गोष्ट नुसती शोभेची होती.

जोड-कार्ड आणि पुढची व्यवस्था

टिकलेल्या जोडीचं वेगळं कार्ड करा आणि वरच्या कडेला पेन्सिलीने जाड रेघ ओढा, म्हणजे खोक्यात वरून ओळखू येईल. त्यावर दोन पुस्तकांच्या खुणा, पृष्ठक्रमांक आणि मधल्या गोष्टीचं नाम. खाली एक वाक्य, ज्यात ‘कारण’, ‘मुळे’, ‘मधून’ यांपैकी एक शब्द असलाच पाहिजे. ‘आणि’वर भागत असेल तर जोड अजून कच्ची आहे.

पुस्तकातही शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने तीच खूण करा. बॉलपेन नको, शाई मागच्या पानावर उमटते, आणि पुस्तक दुसऱ्याचं असेल तर नातंही बिघडतं. जोडलेली पुस्तकं महिनाभर कपाटात शेजारी ठेवा. पंचांगाशेजारी पाककृती बघून घरातले विचारतील, तेव्हा कार्ड हातात द्या. ऐकणारा ‘बरं, मग?’ म्हणाला तर वाक्य पुन्हा लिहा.

साखळी मध्येच तुटते तेव्हा बहुधा एखादं पुस्तक घरात नसतं. त्यासाठी हिराचंद नेमचंद वाचनालय गाठा, पण रिकाम्या हाताने नको. तुटलेल्या जागेची दोन्ही कार्डं बरोबर न्या आणि ग्रंथपालांना विषय न सांगता नाम सांगा. ‘दुष्काळावर काही आहे का’ म्हटलं तर भलामोठा गठ्ठा समोर येतो; ‘पेवाबद्दल कशात असेल’ विचारलं तर एकच पुस्तक येतं, बरोबर ते. जुनी गॅझेटिअर्स राज्य शासनाने संगणकावरही उपलब्ध करून दिली आहेत, पण तिथे शोधताना इंग्रजी शब्दाची जुनी वर्णरचना वापरावी लागते, नाहीतर सोलापूर सापडतच नाही.

दुसरी फेरी निदान दोन महिन्यांनी करा. बारापैकी सहा पुस्तकं बदला, सहा तीच ठेवा, आणि तीच ठेवलेल्यांतून आणखी दहा-दहा नामं काढा. पहिल्या फेरीत ज्यावर डोळा गेला नव्हता अशी नामं आता दिसतात: स्मरणिकेतली शेंगा चटणीची जाहिरात, चरित्रातला तारेचा खर्च, पोथीच्या मागे कोणीतरी लिहिलेला किराणा हिशेब. मोडलेल्या जोड्यांची कार्डं टाकून देऊ नका, खोक्यात मागच्या बाजूला ठेवा. उन्हाळ्यात खोका पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका, आणि पावसाळ्यात झाकणाला चार भोकं पाडा, म्हणजे लग्नपत्रिकांचा कागद कुबट होणार नाही.